मोहित्यांच्या दुरुस्त्या

पुण्यात बसून रत्नागिरीतले खून लिहिणाऱ्या माणसाला निदान एकदा तरी एस.टी.च्या टपावर बांधून पावसपर्यंत न्यायला हवं, असं महेंद्र मोहित्यांचं स्पष्ट मत होतं. दोन वर्षांत त्यांनी ते इतक्या वेळा बोलून दाखवलं होतं की करुणाताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यावर मान वर करणंही सोडून दिलं होतं.

राग होता तो दाजी फणसेच्या नव्या पुस्तकांवर. दाजी फणसे हा कस्टम खात्यातून निवृत्त झालेला, काळी छत्री बाळगणारा आणि तपकीर ओढणारा गुप्तहेर. अनंत हर्चेकर नावाच्या लेखकाने त्याच्या अडतीस रहस्यकथा लिहिल्या आणि सगळ्या रत्नागिरीच्या आसपास घडवल्या. हर्चेकर वारले तेव्हा दाजीही वारला, असंच मोहिते धरून चालले होते. पण वीसेक वर्षांनी हर्चेकरांच्या मुलांनी परवानगी दिली, आणि ऋत्विक जेजुरीकर नावाच्या कुणा तरुणाने दाजीच्या हातात छत्री देऊन त्याला पुन्हा रस्त्यावर आणला. मोहित्यांनी पहिल्या पुस्तकाचं मागचं पान उलटलं, 'ऋत्विक जेजुरीकर हे पुण्यात' एवढं वाचलं, आणि पुढचं वाचायची गरज नाही असं ठरवून टाकलं.

तरी पुस्तक न वाचण्याची सोय त्यांना नव्हती, कारण ते स्वतःसाठी वाचत नव्हते. वाचत होते ते परशुराम जोगळेकरांसाठी.

मोहिते आणि जोगळेकर शाळेत एका बाकावर होते. जोगळेकर पुढे शिरगावच्या आपल्या आंब्याच्या बागेत रमले, मोहिते एस.टी.त कंडक्टर म्हणून लागले आणि वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. दोघांना बांधून ठेवलं ते दाजी फणसेने. वाचनालयात एकच प्रत यायची, म्हणून आठवीपासून दोघं एकत्र वाचत. नियम एकच होता. शेवटच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटायचं, प्रत्येकाने खुन्याचं नाव कारणासकट सांगायचं, आणि मगच पान उलटायचं. अडतीसपैकी छत्तीस वेळा जोगळेकरांचा नेम बरोबर लागला. मोहित्यांचा लागला नऊ वेळा, कारण ज्याचा त्यांना जास्तीत जास्त राग यायचा त्यालाच ते खुनी ठरवून मोकळे होत.

सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने जोगळेकरांचे डोळे गेले. त्या दिवसापासून मोहिते रोज चार वाजता स्कूटरवरून शिरगावला जात, जोगळेकरांच्या पडवीत बसत आणि मोठ्याने वाचत. जोगळेकरांच्या पत्नी कुसुमवहिनी चहाचे कप ठेवत आणि "चालू दे तुमचे खून" म्हणून आत जात. जुन्या अडतीस पुस्तकांची दोन पारायणं झाली, आणि मग जेजुरीकर उगवला.

त्याच्या पहिल्याच पुस्तकाच्या पहिल्याच पानावर पौष महिन्यात पिकलेल्या हापूसचा घमघमाट सुटला होता. मोहित्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आंब्यावर जन्म काढलेल्या माणसाला आता पौषात पिकलेला हापूस ऐकवायचा? तोही डोळे गेलेल्या माणसाला, ज्याला दिवसभरात हा एकच विरंगुळा आहे? त्यांनी हापूस गिळला आणि पुढचं वाक्य वाचलं. जोगळेकरांना काही कळलं नाही. मोहित्यांना फार बरं वाटलं.

तिथून सुरुवात झाली. डेपोत चौतीस वर्षं काढल्यामुळे चुकीची पाटी दिसली की मोहित्यांचे हात शिवशिवायचे. खडू काढून ती दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चहा जात नसे. इथेही तेच झालं. त्याच पुस्तकात एक स्वयंपाकी सांगतो की ऐन आषाढात तो बंदरावरून ताजी सुरमई घेऊन आला. आषाढात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, ताजी सुरमई ह्याच्या आजोबाने पकडली काय? मोहित्यांनी सुरमईचा सुका बांगडा केला. दुसऱ्या पुस्तकात एक गृहस्थ अमावास्येला भर दुपारी वाळूतून चालत खाडी ओलांडतो. अमावास्येला दुपारी बाराला भरती असते हे इथे कुणालाही झोपेतून उठवून विचारा. मोहित्यांनी त्याला होडीत बसवला.

मात्र ह्या दोन्ही पुस्तकांत जोगळेकरांचा नेम चुकला. छत्तीस वेळा ओळखणारा माणूस लागोपाठ दोनदा तोंडावर आपटला. "असं कसं झालं रे? दाजीने कशावरून ओळखलंन?" असं त्यांनी पहिल्या वेळी विचारलं होतं. पण नाव वाचून झालं की मोहिते पुस्तक मिटून टाकत. पुढची वीस पानं दाजी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून बोलत राहणार, ती बडबड वाचण्याइतका धीर त्यांच्यापाशी उरलेला नसे. "काहीतरी ओढूनताणून कारण दिलंय," असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या वेळी जोगळेकरांनी विचारलंही नाही.

मग एके दिवशी कुसुमवहिनींनी मोहित्यांना फाटकापाशी गाठलं.

"भावजी, तुम्हाला म्हणून सांगते. ह्यांच्या मनाने घेतलंय की डोकं कामातून चाललं. कलमांना पाणी सोडलं का म्हणून परवा ह्यांनी मला दोनदा विचारलं, तर दिवसभर तोंड पाडून बसले. आमच्या उन्मेषने पुण्याहून फोन केलान, की बाग कराराने देऊ नि तुम्ही दोघं पुण्याला या. एरवी हे त्याला उडवून लावायचे. आता गप्प बसतात."

"दोनदा विचारलंन म्हणून काय झालं? मी तर चष्मा डोळ्यावर असताना चष्मा शोधतो," मोहिते म्हणाले.

"ते मी सांगून थकले. ते म्हणतात, दाजी फणसे ओळखता येईना, म्हणजे काय राहिलं?"

मोहित्यांचं डोकं फिरलं. त्या पुणेकराने भिकार पुस्तकं लिहायची आणि त्यापायी इथल्या धडधाकट माणसाने आपल्याच डोक्यावर संशय घ्यायचा! त्यांनी पडवीत जाऊन जोगळेकरांना ते तसंच्या तसं सुनावलं. जोगळेकरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिसरं आलंय ना? वाच. ह्यात पण चुकलो तर उन्मेष पुढच्या रविवारी येतोय, त्याला हो म्हणून टाकतो. डोळे गेले ते गेले. पण डोकं जात असेल तर कुसुमने एकटीने काय काय बघायचं? तिथे मुलगा आहे, सून आहे."

"आणि बाग?"

"बाग काय, दुसऱ्याच्या हातून पण मोहरते."

हे ज्या आवाजात ते बोलले तो मोहित्यांना अजिबात आवडला नाही. परशा गेला तर रोज चार वाजता आपण कुठे जायचं, हा विचारही त्यांना आला, आणि त्याची त्यांना लाज वाटली. त्यांनी घाईघाईने पुस्तक उघडलं.

तिसऱ्या पुस्तकात चाळीस वर्षांपूर्वीच्या रत्नागिरीत एका लॉजमालकाचा खून होतो, रात्री दहा वाजता, त्याच्या राहत्या घरी. संशय तिघांवर असतो, एक डॉक्टर, एक मॅनेजर आणि एक भाचा. तिसऱ्या प्रकरणात दाजी भाच्याला विचारतो की त्या वेळी तू कुठे होतास, आणि भाचा सांगतो, 'मी पूर्णगडहून रात्री साडेनऊच्या एस.टी.ने निघालो. खून झाला तेव्हा गाडीत होतो.'

मोहित्यांनी कपाळावर हात मारून घेतला. पूर्णगडहून रात्री साडेनऊची गाडी! कंडक्टर असताना त्यांनी स्वतः त्या मार्गावर दोन पावसाळे काढले होते. रात्रीची गाडी पूर्णगडला जायची आणि तिथेच राहायची. वस्तीची गाडी ती. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात पथारी पसरायचे, डास मारत रात्र काढायचे आणि सकाळी सहाला पहिली फेरी घेऊन निघायचे. रात्री पूर्णगडहून परत येणारी गाडी कुणाच्या बापाने पाहिली नव्हती. इथे मात्र तो जेजुरीकर खुशाल एक गाडी सोडून मोकळा झाला होता.

"काय झालं? थांबलास का?" जोगळेकरांनी विचारलं.

"ठसका लागला." मोहित्यांनी घसा खाकरला आणि वाचलं, "मी पूर्णगडहून रात्री साडेनऊला मासळीच्या ट्रकने निघालो. खून झाला तेव्हा ट्रकमध्ये होतो."

"ट्रक? मग ट्रकवाला सांगेलच की खरं-खोटं. त्याला विचारलंन का दाजीने?"

पुस्तकात ट्रकच नव्हता, तर ट्रकवाला कुठला असणार? पण आपली दुरुस्ती अर्धी सोडणं मोहित्यांच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन ओळी आपल्या पदरच्या घातल्या. धाकू नावाचा ट्रकवाला आला, 'होय साहेब, हा माझ्या शेजारीच बसला होता' असं म्हणाला आणि गेला. मोहित्यांना धाकू बराच जमला असं वाटलं. जेजुरीकरापेक्षा आपण बरं लिहितो, असंही मनात आलं.

"मग भाचा सुटला," जोगळेकर म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले.

शुक्रवारी शेवटचं प्रकरण आलं. मोहित्यांनी नियमाप्रमाणे पुस्तक मिटलं. जोगळेकर बराच वेळ बोटांनी खुर्चीच्या हातावर ठोकत राहिले आणि म्हणाले, "आज नको. एक रात्र दे. उद्या सांगतो."

पुस्तक घेऊन मोहिते घरी आले. दिवेलागणीला ते गॅलरीत बसले आणि साठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नियम मोडला. हेतू चांगला होता. खुनी कोण ते आधी कळलं, तर उद्या परश्याला बोलण्या-बोलण्यात त्याच्याकडे वळवता आलं असतं. त्यांनी शेवटचं प्रकरण उघडलं, आणि दाजीची बडबड ह्या वेळी पहिल्या ओळीपासून वाचली.

दाजी तपकिरीची चिमूट नाकात कोंबून म्हणत होता, 'भाचेबुवा, तुम्ही मुंबईत वाढलात, तिथेच चुकलात. रात्रीची गाडी पूर्णगडला जाते ती वस्तीला. तिथून ती सकाळपर्यंत हलत नाही. हे रत्नागिरीतलं शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला सांगेल.'

मोहित्यांनी ते पुन्हा वाचलं. त्यांचे कान तापले. ते उठून आत गेले, कपाटातून आधीची दोन्ही पुस्तकं काढली आणि कधीच न वाचलेली ती वीस-वीस पानं उभ्या उभ्या वाचून काढली. आषाढातल्या सुरमईवरून दाजीने स्वयंपाक्याला पकडला होता. अमावास्येच्या भरतीवरून त्या गृहस्थाला पकडला होता. चुका लेखकाच्या नव्हत्याच. खोटं बोलणाऱ्या माणसांच्या होत्या, मुद्दाम पेरलेल्या, इथल्या वाचकाने टिपाव्यात म्हणून. शेवटी मोहित्यांनी मागचं पान काढलं आणि पुण्याच्या पुढचं वाक्य वाचलं. लेखकाचं आजोळ पावसचं होतं आणि दहावीपर्यंतच्या सगळ्या सुट्ट्या त्याने तिथेच काढल्या होत्या.

"झालं काय? असे बसलात का?" करुणाताईंनी विचारलं.

मोहित्यांनी सगळं सांगितलं. करुणाताईंनी हातातली भाजी बाजूला ठेवली.

"म्हणजे तीन वेळा खुन्याला तुम्ही सोडवलंत."

"पौषातला हापूस मात्र खरीच चूक आहे," मोहिते म्हणाले. "त्याचं पुढे काहीच नाही. मी बघितलं."

"ते जाऊ दे हो. आता भावजींचं काय?"

मोहित्यांनी जेवताना उपाय काढला. उद्या परशा ज्याचं नाव घेईल तोच खुनी. डॉक्टर म्हणाला तर डॉक्टर. इतकं पदरचं वाचलं तिथे आणखी पानभर. परश्याचा नेम बरोबर ठरेल, रविवारी तो उन्मेषला नाही म्हणेल, आणि कुणाला काही सांगायची वेळ येणार नाही. करुणाताईंनी ह्यावर काही मत दिलं नाही. त्यांचं मत त्यांच्या तोंडावर होतं, पण मोहित्यांनी तिकडे पाहिलं नाही.

शनिवारी चार वाजता जोगळेकर इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. कधी नव्हे त्या कुसुमवहिनीही दाराशी स्टूल घेऊन बसल्या होत्या.

"सांगू?" जोगळेकर म्हणाले. "खरं विचारशील तर मला पहिल्यापासून भाचा वाटतो. किल्ली त्याच्याकडे, भांडण त्याचं, आणि मामा मेला हे कळल्यावर कसा मेला ते त्याने विचारलंन नाही. सगळं त्याच्याकडे जातं. पण तो ट्रकमध्ये होता, तो धाकू सांगतो. धाकूला खोटं बोलायचं काय कारण? रात्रभर जुळवलं, जुळत नाही. तेव्हा भाचा नाही. डॉक्टर म्हणतो मी. पण का ते नाही सांगता येत."

"डॉक्टर," मोहिते म्हणाले. त्यांनी पान उलटलं आणि ठरवल्याप्रमाणे वाचायला सुरुवात केली. "दाजी म्हणाला, डॉक्टर, आता बास झालं. खून तुम्हीच केलात."

कुसुमवहिनींनी "बघा!" म्हणून हात जोडले. जोगळेकरांच्या चेहऱ्यावर मात्र कसलाही आनंद दिसला नाही. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि ते पुढे वाकले.

"डॉक्टर कसा?" ते हळूच म्हणाले. "त्याच्या उजव्या हाताला प्लॅस्टर होतं ना रे? का ते मी स्वप्नात ऐकलं? महेंद्र, प्लॅस्टर होतं की नव्हतं?"

प्लॅस्टर होतं. सातव्या प्रकरणात होतं, मोहित्यांनी ते स्वतः वाचलं होतं आणि आज साफ विसरले होते. समोरचा माणूस विसरला नव्हता. एकही गोष्ट विसरला नव्हता. आणि आता त्या शाबूत डोक्यावरचा त्याचा उरलासुरला विश्वासही आपण घालवतो आहोत, हे मोहित्यांना लख्ख दिसलं. त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं.

"होतं," ते म्हणाले. "प्लॅस्टर होतं. परशा, धाकू नाही. ट्रक पण नाही. पुस्तकात असं काही नाही. मी घातलंय."

"म्हणजे?"

"मला चूक वाटली म्हणून मी बदललं."

"पुस्तकात काय आहे?"

"भाचा म्हणतो, पूर्णगडहून रात्री साडेनऊच्या एस.टी.ने निघालो."

"ती तर तिथेच झोपते," जोगळेकर म्हणाले. एका श्वासाचाही वेळ त्यांना लागला नाही. "मग भाचाच."

मोहित्यांनी मान खाली घालून सुरमई सांगितली, अमावास्येची खाडी सांगितली. दोन्ही वेळा वाक्य पुरं व्हायच्या आत जोगळेकरांनी खुन्याचं नाव घेतलं. कुसुमवहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मोहित्यांना वाटलं, आता परशा हसेल आणि हे सगळं निभावून जाईल.

जोगळेकर हसले नाहीत. "मेल्या," ते म्हणाले, "गेल्या महिन्यात मी कोल्हापूरला डोक्याच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. उन्मेष घेऊन गेला होता. तुला लग्नाला जातो म्हणून सांगितलं, खरं सांगायची लाज वाटली. तो डॉक्टर पाच शब्द सांगतो, नि थोड्या वेळाने परत विचारतो. मी पाचही सांगितले. तो म्हणाला, काही झालेलं नाही. मी मनात म्हटलं, ह्याला काय ठाऊक? ह्याने मला दाजी फणसे वाचून दाखवलेला नाही."

"परशा, चुकलो रे. तुला त्रास नको म्हणून..."

"कुसुम, उन्मेषला फोन लाव. म्हणावं, उद्या ये, जेवून जा. आम्ही कुठे येत नाही."

वहिनी आत गेल्या. मोहित्यांनी पुस्तक पिशवीत घातलं आणि जायला उठले. आता परत बोलावणं येईल की नाही हे त्यांना कळत नव्हतं, आणि विचारायचं धैर्यही नव्हतं. जोगळेकरांनी आवाजाच्या अंदाजाने हात पुढे केला आणि त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"बस खाली. त्रास, म्हणे! शाळेत असल्यापासून आपण काय केलं? हा चुकला, तो चुकला म्हणून एकत्र शंख केला. त्यात तर मजा होती. डोळे गेल्यावर सगळे माझ्याशी हळू बोलायला लागले. वाटलं, एक महेंद्र तेवढा पहिल्यासारखा राहिला. आणि तू? दोन वर्षं तू एकटाच घरी जाऊन चिडत राहिलास. मला चिडू दिलं नाहीस."

मोहित्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि ते बसले.